नीलम लाभला नाही

बाबांच्या एचएमटी घड्याळाची काच प्लास्टिकची होती. तिला ॲक्रिलिक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. चरे पडून ती मोतीबिंदूच्या डोळ्यासारखी दिसू लागली, की बाबा रविवारी तिच्यावर टूथपेस्टचा ठिपका ठेवत आणि जुन्या धोतराच्या फडक्याने गोल गोल घासत बसत. काच लख्ख! मग आठवडाभर घड्याळाला लवंगेचा वास येई, तो वेगळा.

मी शिकलेला, म्हणून मिनरल, म्हणजे खऱ्याखुऱ्या काचेचं घड्याळ घेतलं. चौथ्याच दिवशी आमच्या जिन्यात सिलिंडरवाल्याला वाट देताना मनगट भिंतीला घासलं. अर्धी ट्यूब संपवली, चरा जागच्या जागी. मग वाचत बसलो. मोह्स नावाच्या जर्मन गृहस्थाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची उतरंड लावली. हिरा १०, क्वार्ट्‌झ ७. माझी काच कशीबशी साडेपाच-सहा. आणि गिलाव्याच्या वाळूत हाच क्वार्ट्‌झ भरलेला. म्हणजे मुंबईतली प्रत्येक भिंत माझ्या काचेला भारी!

बोनस आला तेव्हा सफायर काच घेतली. थेट ९!

"सफायर म्हणजे?" हिने विचारलं.

"नीलम. कारखान्यात केलेला, बिनरंगी."

"अहो, नीलम? आणि पत्रिका न दाखवता?"

महिन्याभरात दादरला उतरताना, म्हणजे उतरवला जाताना, घड्याळ दारातल्या दांड्यावर खर्रकन घासलं. काचेवर आडवी चंदेरी रेघ! रात्री जेवण गेलं नाही. ही काही बोलली नाही, फक्त कॅलेंडरात शनिवार बघितला.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, मग लेकीच्या कंपासपेटीत असतं तसलं खोडरबर काढून चारदा घासलं. रेघ गायब.

"काचेला काही झालं नाही साहेब. दांडाच झिजलाय, त्याचं स्टील काचेला लागलं होतं."

पैसेही घेतले नाहीत. नुसतं म्हणाले, "जपा मात्र. ही चरत नाही, पण ग्रॅनाइटवर आपटली तर फुटते. बाबांची प्लास्टिकची बरी, ती फुटायची नाही."

घरी आल्यावर मी हे ज्ञान ताबडतोब कामाला लावलं. ओटा ग्रॅनाइटचा आहे, तेव्हा भांडी घासणं माझ्या घड्याळाला धोक्याचं आहे, असं हिला समजावून सांगितलं.

हिने शांतपणे माझ्या मनगटावरचं घड्याळ उतरवलं, देव्हाऱ्यात मारुतीपुढे ठेवलं आणि घासणी माझ्या हातात दिली.