‘वाडे रिकामे करून घर भरलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “एका हौशी माणसाने लोकांचे वाडे रिकामे करून स्वतःचं घर भरलं, याला इतिहास कसला म्हणता? त्यांच्या पत्नीबद्दल एकच ओळ. कोल्हापूरचे असून टाऊन हॉलचं म्युझियम दिसत नाही का? आधी जरा अभ्यास करा.”

मत वेगळं असू दे, माझी ना नाही. पण ‘अभ्यास करा’ हे कुठल्या अधिकारानं? हे संग्रहालय उभारणारे दिनकर गंगाधर केळकर 1990 साली गेले. आता उत्तर द्यायला ते येणार नाहीत. अशा माणसाला स्वतःचं नावगाव न लिहिता दोन ओळींत लुटारू ठरवायचं, ही रीत आमच्या कोल्हापुरात नाही. इथं माणूस तोंडावर भांडतो.

त्यांच्या पत्नी कमलाबाईंबद्दल आणखी लिहायला हवं होतं, हे मान्य. तेवढं तुमचं रास्त आहे.

आता ‘घर भरलं’ याविषयी. घर भरणारा माणूस जन्मभराचा संग्रह हयातीतच सरकारच्या हवाली करतो का? लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. 20,000 हून अधिक वस्तू आहेत तिथं. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपायला दरबार होते. बाईच्या हातातली वज्री कोण जपणार होतं? कोथरूडच्या पडक्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आणून उभे केले नसते, तर आज तिथं काय सापडलं असतं ते तुम्हीच सांगा.

आणि वाडे केळकरांनी रिकामे केले नाहीत हो. मोडीच्या तराजूनं केले. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातून आजीचा नक्षीचा पानपुडा, दोन समया, घंगाळ, सगळं वजनावर गेलं आणि बदल्यात स्टीलचे डबे आले. घरात कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही. मी ते उंबऱ्यात उभा राहून बघितलंय. त्या समया कुणा संग्राहकानं दहा रुपयांना नेल्या असत्या, तर आज काचेआड का होईना, दिसल्या असत्या. वितळलेलं पितळ कुठल्या दालनात बघायचं? तुमच्याकडे याला उत्तर असेल तर अभ्यासाच्या गोष्टी करा.

टाऊन हॉलचं म्हणाल तर तिथं मी शाळेत असल्यापासून जातोय. 1945-46 साली सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन केलं. त्या टेकडीनं दिलेल्या वस्तूंवर ते संग्रहालय उभं आहे. रोमन जगातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथंच आहे. जमिनीखालचं राखायला पुरातत्त्व खातं असतं. माजघरातलं राखायला केळकरांसारखा एखादा वेडा लागतो. दोन्हींचा इतिहास वेगळा, म्हणून लेखही वेगळा.

बाकीच्या टोमण्यांना मी उत्तर देत नाही.

वाडे रिकामे झाले म्हणता ना? मग तुमच्या माहितीतला एक वाडा सांगा, त्यातली एक वस्तू सांगा, आणि ती आज कुठे आहे ते नावानिशी लिहा. इथंच छापतो, एक शब्द न कापता.