चार अक्षरांत पाऊस

हवापाण्याच्या गप्पांत धोका नाही असं ज्याला वाटतं, त्यानं त्या चिनीत मारून पाहाव्यात. तिथे आभाळालाही चार-चार अक्षरांचे ठरीव वाक्प्रचार आहेत, त्यांना म्हणतात 'छंग-यू'. आम्ही शिकणारे ते घोकतो आणि दिसेल तिथे पेरतो.

मुसळधार पावसाचंच घ्या. आपल्याकडे मुसळ कोसळतं, चिनीत घंगाळ उपडं होतं: 'छिंग फन दा यू'. पहिली चूक ठरलेली. हौसेनं आधी 'हन', म्हणजे 'खूप', लावायचं. अहो, घंगाळ पार रिकामं झालंय, आता आणखी 'खूप' कुठून ओतणार? दुसरी चूक सुराची. शेवटचा 'यू' खालच्या पट्टीत राहिला तर पाऊस. प्रश्न विचारल्यासारखा वर चढला की मासा.

मग ऋतू. 'छ्यो गाव छी श्वांग' म्हणजे शरदाचं आभाळ उंच, हवा प्रसन्न. बीजिंगच्या ऑक्टोबरला शोभतं. मुंबईच्या ऑक्टोबरात घाम पुसत म्हटलंत तर तो टोमणा होतो.

काहींत तर हवामान नावापुरतंच. 'मान छंग फंग यू', गावभर वारा-पाऊस! छत्री शोधू नका, कुणाचं तरी लफडं चव्हाट्यावर आलंय. 'श्वे शांग ज्या श्वांग', बर्फावर वर हिंव, हा तर आपला दुष्काळात तेरावा महिना.

सगळ्यांत खट्याळ 'छी य्वे ल्यो ह्वो'. सातवा महिना, वाहता अग्नी. जुलैच्या काहिलीला हे खुद्द चिनी माणसंही खुशाल वापरतात. पण हा अग्नी म्हणजे तारा, आपल्या ज्येष्ठा नक्षत्रातला तांबडा. जुन्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात तो संध्याकाळी पश्चिमेकडे कलू लागतो, म्हणजे उकाडा सरत आला. 'शी-चिंग' या प्राचीन काव्यसंग्रहात पुढच्याच ओळीत नवव्या महिन्यासाठी कपडे वाटायची गोष्ट निघते, यावरून काय ते समजा.

शिवाय हा माल मुळात निबंधातला. 'छिंग खोंग वान ली', दहा हजार ली निरभ्र! आजच्या ५०० मीटरच्या लीनं ५,००० किलोमीटर झाले. वाळत घातलेले कपडे काढायला सांगताना एवढा पल्ला लागत नाही. 'श्या यू ल', पाऊस आला, भागतं. फक्त 'यू' खाली ठेवा, नाहीतर दोरीवर मासे पडतील.