पाच वाजून पाच मिनिटांचं जेवण

ऑक्टोबरातल्या एका पहाटे पावणेसहाला मी न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप, फोन आणि मुलीचा टॅबलेट मांडून बसलो होतो. तत्काळचं तिकीट काढायला बसलेला माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती बैठक ओळखता येईल. मला गाडी मात्र पकडायची नव्हती. दोन महिन्यांनी येणाऱ्या एका मंगळवारी आठ माणसांनी कुठे जेवायचं, एवढंच ठरवायचं होतं.

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ असलेल्या डिस्ने वर्ल्डची ही रीत आहे. टेबलावर बसून जेवायच्या जागांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. त्यांच्याच हॉटेलात उतरणार असाल, तर मुक्कामातल्या दहा दिवसांपर्यंतची जेवणं एकाच सकाळी ठरवून टाकता येतात. आमच्या घरी रात्रीची भाजी संध्याकाळी सात वाजता ठरते, तीही फ्रिज उघडून, त्यात काय मरायला टेकलंय ते बघून.

बेत मोठा होता. पुण्याहून आई-बाबा, ठाण्याहून ताई आणि भाऊजी, इथून आम्ही चौघं. जागा कमी आहे असंही नव्हतं. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा पसारा, चार पार्क, आणि खाण्यापिण्याची ठिकाणं दोनशेच्या वर. मी सगळ्यांना विचारलं, काय खायला आवडेल? सातपैकी पाच जण म्हणाले, "काहीही चालेल." मुलांनी मात्र खरं सांगितलं. मुलाला साधा भात हवा होता आणि मुलीला राजकन्या.

"काहीही चालेल" या वाक्याला खाली बारीक अक्षरातल्या अटी असतात आणि त्या विचारल्याशिवाय दिसत नाहीत. आईच्या अटी: अंडं नको, आणि ज्या तेलात अंडं पोहून गेलं तेही नको. बाबांना काहीही चालतं, फक्त बरोबर पोळी लागते. ताई दीक्षितांच्या पद्धतीनं जेवते, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि तिची दुसरी वेळ संध्याकाळी सातची. भाऊजी मालवणचे. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत टर्कीची अख्खी तंगडी हातात धरून फिरणारा माणूस पाहिला होता आणि ते चित्र मनात घेऊनच त्यांनी व्हिसाचा अर्ज भरला होता. बायको म्हणाली, "माझं काही नाही रे, तुमचं ठरवा." लग्नाला बारा वर्षं झाली आहेत. हे वाक्य सगळ्यात जपून हाताळायचं असतं हे मला कळतं.

मी लोकशाही मार्गानं जायचं ठरवलं आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा पर्याय टाकून मतदान घेतलं. बाबांनी सहाही पर्यायांना मत दिलं. आईनं जोडलेले दोन हात पाठवले. भाऊजींनी तंगडीचा व्हिडिओ पुन्हा पाठवला. नाशिकच्या मामांनी, जे येणारच नव्हते, राजवाड्यातल्या जेवणाला मत दिलं आणि खाली लिहिलं, "एकदाच जाताय, बघून घ्या."

राजवाडा म्हणजे मॅजिक किंग्डममधला सिंड्रेलाचा किल्ला. वरच्या मजल्यावर जेवायचं आणि राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात. पार्क उघडला १९७१ साली, आणि १९९७ पर्यंत त्या भोजनगृहाला स्टीफन राजाचं नाव होतं. स्टीफन हा स्लीपिंग ब्युटीचा बाप. म्हणजे वाडा एकीचा आणि खानावळ दुसरीच्या वडिलांच्या नावावर! ही माहिती मी ग्रुपवर टाकल्यावर आईनं प्रवासाच्या तयारीतला पहिला स्वतंत्र प्रश्न विचारला: "मग सिंड्रेलाच्या सासूबाईंनी काही म्हटलं नाही का?"

बरोबर सहाला बुकिंग उघडलं. पुण्यात दुपारचे साडेतीन, बाबांची वामकुक्षी मोडून दोघंही व्हिडिओ कॉलवर. किल्ल्यात आठांचं टेबल मिळेना. चार-चारांची दोन मिळत होती, वीस मिनिटांच्या अंतरानं.

"म्हणजे दोन पंगती," आई म्हणाली. "पहिल्या पंगतीला कोण?"

हा प्रश्न आमच्याकडे शेवटचा विचारला गेला तो २००३ साली माझ्या मुंजीत... नाही, मुंज आधीची, ताईच्या लग्नात. त्यावरून एक काका अजून आमच्याकडे फक्त चहा पितात. मी किल्ला सोडून दिला. शिवाय बाबांनी माणशी दर विचारून पंच्याऐंशीनं गुणला होता आणि त्यानंतर पडद्यावर फक्त पंखा दिसत होता.

बायकोनं मागून कॉफीचा कप ठेवला आणि म्हणाली, "सना बघ ना. मी आपलं सुचवतेय."

सना हे ॲनिमल किंग्डम लॉजमधलं उपाहारगृह आहे. हॉटेलच्या मागे मोकळं कुरण, खिडकीपलीकडे जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आफ्रिकी स्वयंपाक, त्यात भारतीय मसाल्यांचा हात. आणि तिथली नावाजलेली गोष्ट म्हणजे 'ब्रेड सर्व्हिस': पाच प्रकारच्या रोट्या आणि त्याबरोबर नऊ चटण्या-लोणची. नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, पापड. पोळीवाले बाबा खूश. आईला खाता येईल असं काहीतरी निघणार. मुलाला भात आहे. राजकन्या नाही, पण जिराफ आहे, आणि जिराफाच्या चालीत पुष्कळ राजकन्यापणा असतो असं मी मुलीला पटवून दिलं.

"सातासमुद्रापार येऊन पापड खायचा?" भाऊजी ठाण्याहून म्हणाले. पण तंगडी दुपारी गाड्यावर मिळवून देईन या बोलीवर तेही वळले. आठांचं टेबल संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी मिळत होतं. ही वेळ चहाची की जेवणाची, यावर पुण्यात चर्चा सुरू झाली, तोवर मी बटण दाबलं होतं.

आणि कुणी म्हणू नये की मी पाहिलं नाही. मी कालनिर्णय पाहिलं होतं. संकष्टी बुधवारी होती. मी मुद्दाम मंगळवार घेतला.

तिथी मात्र तारखेवर नाही, चंद्रावर चालते. पुण्यात बुधवारी रात्री चंद्र उगवताना असलेली चतुर्थी ऑर्लँडोत आदल्या रात्रीच्या चंद्रोदयालाही असू शकते, कारण तिथली मंगळवारची रात्र म्हणजे पुण्याची बुधवारची सकाळ. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हा वाद वर्षातून दोन-तीनदा होतो. मला तो आठवला नाही. आईला आठवला, सोमवारी रात्री, हॉटेलात, पंचांगाचं ॲप उघडून.

"अरे, उद्याच आहे की संकष्टी. चंद्रोदय नऊनंतर."

खोलीत शांतता पसरली. पाच वाजून पाच मिनिटांचं जेवण आणि नऊनंतरचा चंद्र. बुकिंग रद्द होणं शक्य नव्हतं असं नाही. ठरलेल्या मुदतीत कळवलं तर पैसे लागत नाहीत, न सांगता गेलो नाही तर माणशी दहा डॉलर. पण नवं टेबल कुठे मिळायला! आई म्हणाली, "माझ्यासाठी काही बदलू नका. मला काहीही चालेल. मी बसेन नुसती."

नुसती बसणारी आई समोर असताना नऊ चटण्या खायला किती जिगर लागते, ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल.

सोमवारचाच दिवस खरं तर जड गेला होता. आम्ही एपकॉटमध्ये होतो. तिथे तळ्याभोवती अकरा देश मांडले आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. प्रत्येकाचं आपापलं खाणं. बाबा पहिल्या देशापासून भारत शोधत निघाले. प्रत्येक देशाच्या दारात थांबून मेनूचा फलक वरपासून खालपर्यंत वाचायचे, चष्मा काढायचे, म्हणायचे, "पुढे बघू." भारत तिथे नाहीच, हे मी त्यांना इटलीत सांगितलं. "मग आधी का नाही बोललास?" म्हणाले, आणि उरलेले देश त्यांनी तक्रार नोंदवायला आल्यासारखे पाहिले. ताईचे सात वाजले तेव्हा आम्ही कुठल्याच देशात नव्हतो, दोन देशांच्या मधे होतो. तिनं पंचावन्न मिनिटांपैकी चाळीस रांगेत घालवली.

मंगळवारी सकाळी मॅजिक किंग्डममध्ये उपवासाचा शोध सुरू झाला. बटाट्याच्या काड्या सगळीकडे मिळतात, पण आईचा प्रश्न ठरलेला: "त्याच तेलात कोंबडी तळतात का?" काउंटरवरच्या मुलीनं आत जाऊन विचारून आणलं, आणि तिचा चेहरा पाहूनच आईनं "राहू दे गं" म्हटलं. मिकीच्या आकाराची कुरमुऱ्यांची गोड वडी दिसली. राजगिऱ्याच्या वडीची मावसबहीण वाटावी अशी. पण ती चिकटवतात मार्शमेलोनं, आणि त्यात जिलेटिन असतं. हे मला माहीत होतं, आणि ते मी सांगितलं. अशा वेळी माहीत असण्याचा फार पश्चात्ताप होतो.

शेवटी अननसाचं मऊ आइस्क्रीम मिळालं, डोल व्हिप म्हणतात. "अननस म्हणजे फळ," आईनं स्वतःच निकाल दिला आणि दोन खाल्ली. त्यात आणखी काय असतं हे तिनं विचारलं नाही, मीही शिकलो होतो.

"आणि बघ," ती चमचा चाटत म्हणाली, "उपवास गणपतीचा, आणि आलोय कुणाच्या गावात? उंदीरमामाच्या. वाहनाच्या घरी आल्यावर त्याचा धनी उपाशी ठेवेल का?"

भाऊजींची तंगडी मिळाली. ती ज्यांच्या हातात होती ते भाऊजी फोटोत फार पराक्रमी दिसतात. फोटोच्या मागे चार पावलांवर आई उभी आहे, पाठ करून.

साडेचारला बस. ॲनिमल किंग्डम लॉजच्या दोन इमारती आहेत, जंबो हाउस आणि किडानी व्हिलेज. सना किडानीत. आम्ही जंबोत उतरलो, कारण मी खूप खात्रीनं उतरलो. मग आठ माणसं, एक बाबागाडी आणि एक उरलेली तंगडी अशी वरात एका इमारतीतून दुसरीकडे पळाली. पाच वाजून बारा मिनिटांनी आम्ही टेबलापाशी होतो. डिसेंबरात ऑर्लँडोचा सूर्य साडेपाचला मावळतो. जिराफासाठी आमच्याकडे अठरा मिनिटं उरली होती आणि ती त्यानं पाठमोरी काढली.

आईच्या अटी सांगितल्यावर शेफ स्वतः टेबलापाशी आले. पथ्यपाण्याचं असं येऊन विचारायची तिथे पद्धत आहे. मी उपवास समजावायला घेतला. "आज त्या काही खाणार नाहीत," मी म्हटलं. त्यांनी काळजीनं विचारलं, कुठल्या ॲलर्जीमुळे? मी म्हटलं, चंद्रामुळे. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

रोट्या आल्या. नऊ वाट्या आल्या. चिंचेची चटणी, आंब्याची, कोथिंबिरीची, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं. जेवायचं कुणी नाव घेईना. बाबा नानकडे बघत होते आणि आई बाबांकडे. "जेवा की," आई म्हणाली. "मी बघतेय का?" ती बघत होती. ताईची सातची वेळ व्हायची होती, म्हणून तीही बसून होती. भाऊजींचं पोट तंगडीनं भरलं होतं. मुलानं भात मागवला आणि जिराफ गेल्यावर तो खाणार नाही म्हणाला. एकटी बायको शांतपणे पनीर पराठा मोडून आंब्याच्या चटणीशी खात होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सनाचं नाव पहिल्यांदा तिनंच घेतलं होतं. काही नसलेल्या बाईला जे हवं होतं तेच आम्ही सगळे साठ दिवस आधीपासून निवडत होतो.

जे उरलं ते बांधून घेतलं: भात, पापड, चिंचेची चटणी.

साडेनऊच्या सुमारास हॉटेलच्या पार्किंगमध्ये आम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे होतो. दूर कुठेतरी आतषबाजी होऊन गेली होती आणि धूर पांगत होता. बाबा दर मिनिटाला दिव्याच्या खांबाला चंद्र म्हणत होते. मग झाडांच्या शेंड्यांवर खरा चंद्र आला, तांबूस आणि थोडा चेपलेला.

खोलीत आईनं टेबल पुसलं. फोनवर गणपतीचा फोटो काढून तो पाण्याच्या बाटलीला टेकवला. पुण्याहून आणलेलं गूळखोबरं, तो भात आणि पापड कागदी ताटलीत वाढले. शेजारी मुलाचा मिकीचा पेला होता. तो हलवायला मी हात पुढे केला, तर तिनं माझा हात बाजूला सारला, पेला उचलून फोनच्या बरोबर समोर ठेवला आणि मिकीचं तोंड गणपतीकडे केलं.

"तो समोर लागतो," म्हणाली.

नैवेद्य दाखवून झाला. तिनं पापडाचा तुकडा मोडला. मोडला म्हणजे दुमडला.

"सादळलाय," आई म्हणाली, आणि चिंचेची चटणी पुढे ओढली.