दहावीची बोर्ड परीक्षा आणि इंग्रजी: फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘नव्या शैक्षणिक धोरणाने दहावीची बोर्ड परीक्षा रद्द केली असून पाचवीपर्यंत सर्व शिक्षण मातृभाषेतच होईल आणि इंग्रजी केवळ एक विषय म्हणून उरेल’, असा संदेश पालकांच्या गटांमध्ये पुन्हा फिरू लागला आहे. 29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणाचा मूळ मजकूर मी वाचला आहे. त्याच्या 4.37 या परिच्छेदात दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षा चालू राहतील, मात्र त्यांच्या स्वरूपात सुधारणा होईल, असे स्पष्ट म्हटले आहे. माध्यमाविषयीचे वाक्य ‘शक्य असेल तेथे’ या शब्दांनी सुरू होते, आणि संदेशातून नेमके तेच शब्द गळाले आहेत. माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांची तरतूदसुद्धा भारतीय भाषा व इंग्रजी यांच्या जोडीला आहे, इंग्रजीच्या जागी नव्हे.

‘एक विषय म्हणून’ या शब्दांनी घाबरण्याचेही कारण नाही, कारण मराठी माध्यमात इंग्रजी नेहमी विषय म्हणूनच शिकवली गेली. राज्यात 2000 पासून ती पहिलीपासून आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावीला 80 गुणांची लेखी परीक्षा व 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन, अशी तिची विभागणी आहे. साहित्यही हद्दपार झालेले नाही. 2020 मध्ये आलेल्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात तर कादंबरी या साहित्यप्रकारासाठी स्वतंत्र विभाग आहे.

चिंतेपोटीच हा संदेश पुढे पाठवला जात असावा. तरी कृपया तो आता थांबवावा आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.