हौद बंद करणार नाही

सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात फोन आला. आमच्या शेताशेजारी फार्महाऊस आहे, त्याच्या मालकांचा. नाव लिहीत नाही, आपल्यातलेच आहेत, गणपतीत आरतीला शेजारी उभे असतात. म्हणाले, "वहिनी, तुमचा तो हौद आता बंद करा. रोजडे येतात, माझी आंब्याची कलमं ओरबाडतात. जनावरांना उगाच सवय लावून ठेवली तुम्ही." रोजडे म्हणजे नीलगायी, आणि हौद म्हणजे आमच्या शेतात जंगली जनावरांसाठी बांधलेला पाणवठा.

मी "बघते" म्हणाले. सकाळी सकाळी तोंड कशाला खराब करायचं म्हणून. पण तेव्हापासून डोकं तापलंय, नौतपा, ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायचाय अजून, माझा आधीच लागला. तर काय बघितलं ते इथेच लिहिते, त्यांनाही वाचायला मिळेल.

सवय लावली म्हणे! यांच्याकडे पोहायचा तलाव आहे. निळ्या फरश्यांचा. आठवड्यातून एकदा, तेही पाहुणे आले तर, त्यात कुणीतरी डुंबतं. सभोवती हिरवळ, तिच्यावर भर दुपारी फवारे चालू. हे सगळं बोअरचं पाणी. आणि कुंपण घातलंय ते थेट नाल्यावरून, वर झटका मशीन, तारेत वीज सोडणारं. इंदूरहून सिमरोळ ओलांडून चोरल घाटाकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला गेल्या काही वर्षांत काय काय उभं राहिलंय ते तुम्ही सगळे जाता-येता बघताच. त्या नाल्यात आमच्या सासऱ्यांच्या वेळी वैशाखातही डोह असायचा, गुरं बसायची त्यात. आता होळीला तळ उघडा पडतो. पाचशे-सहाशे फूट खोलवरून पाणी ओढणाऱ्या मोटारी बसवल्यावर डोह राहणार कुठे? उरलंसुरलं डबकं यांच्या तारेच्या आत. आणि सवय आम्ही लावली.

ती रोजडी मी विसरू शकत नाही. तिच्याबद्दल आधीही लिहिलंय, पुन्हा लिहिते. मे महिना, दुपारची वेळ. ठिबकच्या मेन लाइनचा वॉल्व्ह गळत होता म्हणून बघायला गेले. तिथे ही मादी. पुढचे दोन्ही गुडघे टेकून बसलेली आणि वॉल्व्हखालचा चिखल चाटत होती. पाणी नव्हतंच तिथे, नुसती ओल. जीभ मातीनं काळी झालेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी आठ-दहा हातांवर उभी, हातात पाना, आणि ती पळाली नाही. नीलगाय माणसाला बघून शेताच्या दुसऱ्या टोकावरून धूम ठोकते हो! चितळाला रोज पाणी लागतं, पण नीलगाय, काळवीट ही तग धरणारी जनावरं, ओल्या चाऱ्यावर बरेच दिवस काढतात. असं जनावर माणसाची भीती सोडून चिखल चाटतं म्हणजे काय अवस्था झाली असेल? कान तेवढा एकदा हलवला माझ्या दिशेनं. बास. चाटणं थांबलं नाही.

हौद झाला तो तिच्यामुळे.

मिस्त्रीला वाटलं गुरांसाठी हवाय, त्यानं चार फूट खोल, उभ्या भिंतींचा काढून दाखवला कागदावर. मी म्हटलं दादा, यात पिल्लू पडलं तर वर कसं येणार? वनखातं जंगलात सॉसर करतं तसा हवा, बशीसारखा. दहा फूट रुंद, मध्यभागी जेमतेम दीड फूट खोल, कडा सगळीकडून हळूहळू उतरत्या. गिलावा गुळगुळीत नको, ओला असतानाच खराट्यानं रेघा मारून घेतल्या, खूर घसरू नये म्हणून. आमची काळी माती तर माहितीये, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आधी ती उकरून मुरूम भरला, वर दगडाचं सोलिंग, मग काँक्रीट. अजून एक तडा नाही. आत दोन-चार मोठे दगड ठेवलेत, पाखरांना आणि मधमाश्यांना बसायला. जागाही मुद्दाम उघड्यावर निवडली, झाडी थोडी लांब. पाणी प्यायला मान खाली घातलेल्या जनावराला चहूकडे दिसलं पाहिजे, नाहीतर झुडपातून कुत्री येतात. घराजवळ तर मुळीच नको. आपल्याला खुर्ची टाकून फोटो काढायचे नसतात.

मे महिन्यात ऊनच रोज चार-पाच घागरी पिऊन टाकतं, जनावरांचं वेगळं. सालदार संध्याकाळी वॉल्व्ह उघडतो, भरला की बंद. सकाळी तो आधी कडेला मेलेलं पाखरू किंवा माश्यांचा सडा आहे का ते बघतो, कारण शिकारी पाणवठ्यात युरिया कालवतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आठवड्याला घासून पूर्ण रिकामा करायचा, म्हणजे शेवाळ नाही, डासांच्या अळ्या नाहीत. एवढंच काम. त्या तलावाच्या फिल्टरचं वीजबिल यापेक्षा जास्त असेल.

आणि पहाटे जाऊन बघा कधी. जनावर क्वचितच दिसतं, पण कडेची ओली माती सगळं सांगते. सालदाराची बायको मला दाखवते, हा रोजड्याचा खूर, हा डुकराचा, हे साळिंदर फरफटत गेलं, हा ससा. मोराची तीन बोटं तर मलाही ओळखता येतात आता. एकदा एका मोठ्या खुराशेजारी बोटभर लांबीचे दोन खूर होते. पिल्लू घेऊन आली होती कुणीतरी. मी उगाचच ठरवून टाकलं की तीच. वॉल्व्हवाली. असेलच असं नाही, पण मला ठरवायला कोण अडवतंय?

बरं, हेच गृहस्थ मागच्या रविवारी कॉलनीत सकोरे वाटत होते. मातीचे सकोरे, बॅनर, माइक, पक्षी वाचवा. पंचवीस माणसं एका सकोऱ्याला हात लावून उभी. फोटो मीही लाइक केलाय, नाही म्हणत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण भिया, चिमणी चालते आणि रोजडी चालत नाही? चिमणीचं पाणी वाटीत मावतं, फोटोत बसतं आणि ती तुमची कलमं खात नाही, एवढाच ना फरक?

दोन-तीन शिकलेल्या मंडळींनी मागे मला ऐकवलं होतं की कृत्रिम पाणवठे नकोतच, निसर्गाला त्याच्या मार्गानं जाऊ द्या, जनावरं एका जागी गोळा होतात, रोग पसरतात. रोगाचं खरं आहे, म्हणून तर घासायचा. पण कृत्रिम? इंदूरमध्ये बसून? अहो, आपण सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा पंपानं विंध्याचल चढवून आणतो, 1978 पासून. हे आख्खं शहर एका कृत्रिम पाणवठ्यावर जगतंय. 1990 साली देवासला प्यायचं पाणी आगगाडीनं पाठवलं होतं, इथून, इंदूरहून. तेव्हा कुणी म्हणालं का, देवासकरांना सवय लागेल? माणसाला पाणी दिलं की योजना, जनावराला दिलं की लाड.

शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे मान्य. लसूण, हरभरा, रात्रीत तुडवून जातात, पटवाऱ्याच्या पंचनाम्यात दिवस जातात आणि मिळतं ते मिळतं. शाजापूरकडे तर 2025 च्या दिवाळीच्या सुमारास हेलिकॉप्टर लावून काळवीट आणि नीलगायी हाकून बोमात, म्हणजे नरसाळ्यासारख्या कुंपणात, घालाव्या लागल्या, दुसऱ्या जंगलात नेऊन सोडल्या. म्हणजे त्रास खराच आहे. पण आमच्या गावातल्या एकाही खऱ्या शेतकऱ्यानं मला अजून हौद बंद करा म्हटलेलं नाही. ज्याचं पोट शेतीवर नाही, त्याचा फोन आला. सालदार म्हणतो, तहानलेलं जनावर हिरवं जास्त ओरबाडतं, ओल मिळते म्हणून. मला पटतं ते. वॉल्व्हखालची माती चाटणारी, तुमच्या कलमाची कोवळी पालवी सोडेल?

आणि आता अहिल्याबाईंचं काढतेच, कारण पुण्यतिथीच्या पालखीत हे गृहस्थ सगळ्यात पुढे असतात. माल्कमसाहेबानं, माळव्यातल्या त्या इंग्रज अधिकाऱ्यानं, लिहून ठेवलंय, महेश्वरजवळ उन्हाच्या दिवसात बाईंची माणसं नांगर थांबवून बैलांना पाणी पाजायची. पाखरांसाठी बाईंनी शेतं विकत घेतली होती. विकत! पाखरांनी पीक खाल्लं म्हणून फोन नाही केला कुणाला. आपण राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला हार घालतो आणि नाल्याला तार घालतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हे पुण्यबिण्य काही नाही. पाणी जनावरांचं होतं, आपण ओढून घेतलं, तर घरपट्टी भरतो तसं हे भरायचं. उपकार नाहीत.

चिडून लिहितेय, कळतंय मला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोन वाजता गाडी घेऊन आले होते, ते मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त लागलं. परका असता तर फोन कापला असता.

तर काका, हौद बंद होणार नाही. तुमच्या कलमांना जाळीचे पिंजरे करून घेऊ, आमचा मिस्त्री देते पाठवून, निम्मा खर्च माझा. नाल्यावरची तार मात्र तुम्ही काढायची, दोन्ही बाजूंनी निदान जनावर जाईल एवढी वाट सोडायची. आणि तलाव वापरात नसेल तेव्हा रात्री त्यावर जाळी टाका. उभ्या भिंतींचा आहे तो, आत पडलेलं जनावर सकाळी तुमच्याच माळ्याला काढावं लागेल.

बाकी ज्यांची शेतं देवास, महू, मानपूर बाजूला आहेत त्यांनी शेततळ्यांकडे बघा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही, पाय घसरतात. एका कडेला रेतीच्या गोणी पायरीसारख्या रचा, तासाभराचं काम आहे. आणि बिनकठड्याची विहीर असेल तर कमरेएवढी भिंत घाला, माणसांसाठी तरी.

येत्या रविवारी हौद घासायचाय. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सहाला लोकमान्यनगरच्या कोपऱ्यावर या, दोन गाड्या आहेत. खराटा आणि जुनी चप्पल आणा, शेवाळावरून पाय घसरतो. पोहे माझ्याकडून, जलेबी ज्याची त्यानं.