"सर, आज मीच आहे"

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल तर पुढे सरका.

दुपारी बाणेरला एका कॉफीच्या दुकानात बसले होते. नाव घेत नाही, सगळी एका माळेची. काउंटरला एकच मुलगी. बिलं तीच करतेय, मशीनवर तीच, टेबलंही तीच पुसतेय. त्यात डिलिव्हरीच्या ऑर्डरींची टिंगटिंग, दारात हेल्मेटवाली तीन पोरं ताटकळलेली. एक गृहस्थ खेकसले, "एका कॅपुचिनोला वीस मिनिटं? मॅनेजरला बोलवा!"

ती म्हणाली, "सर, आज मीच आहे."

घरी आले तरी हेच कानात. आणि आठवले ते स्टारबक्सचे ब्रायन निकोल. २०२४च्या सप्टेंबरात सीईओ झाले, त्या आर्थिक वर्षातलं मानधन साडेनऊ कोटी डॉलरच्या वर! कंपनीतल्या सगळ्यांना कमाईच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याची वर्षाची कमाई १४,६७४ डॉलर. म्हणजे ६,६६६ पट. त्या कर्मचाऱ्याने मोहेंजोदडो वसायच्या आधीपासून कॉफी गाळायला घेतली असती, तर आत्ता कुठे हिशेब जुळला असता. वर तेव्हा साहेबांचं घर कॅलिफोर्नियात, ऑफिस सिएटलला, जायला-यायला कंपनीचं विमान.

हो, माहितीये. त्यातले बहुतेक शेअर्स, रोख नव्हे. आणि त्या १४ हजारांत अर्धवेळवालेही धरलेत. विमा देतात, कॉलेजची फी भरतात, तेही खरं. बरं मग?

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या स्टारबक्सच्या पोरांनी २०२१च्या डिसेंबरात युनियन केली. २०२५च्या नोव्हेंबरात संप झाला तेव्हाही पहिला करार झालेला नव्हता. मागत काय होती? पगार वाढवा, शिफ्टला माणसं वाढवा, आणि कामगार कायदा मोडल्याच्या तक्रारी मिटवा. एवढंच. "आज मीच आहे" म्हणायची वेळ आणू नका.

आपल्या पुण्यात जन्मलेले, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे लक्ष्मण नरसिंहन २०२३ला तिथे सीईओ झाले तेव्हा मी याच भिंतीवर पेढे वाटले होते. गड्याने ॲप्रन बांधून बरिस्ताचं, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याचं, ट्रेनिंग घेतलं, महिन्यातून अर्धा दिवस दुकानात उभा राहीन म्हणाला. मला कोण कौतुक! दीड वर्षाच्या आत घरी पाठवलं. विक्री घसरली होती, तेव्हा अन्यायच झाला असं नाही म्हणणार. पण नव्यासाठी तिजोरी कशी भसकन उघडली!

जाऊ दे. चिडून उपयोग नाही. खरं तर राग माझाच येतोय. ते गृहस्थ खेकसत होते तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

माझी कॉफी द्यायला ती आली तेव्हा मनगटावर पांढरं काहीतरी दिसलं. वाफेने भाजलं होतं, टूथपेस्ट लावलेली. कपावर माझं नाव "मरनल" लिहिलं होतं. मी हसले. तिला वाटलं मी चिडले, म्हणाली, "सॉरी मॅम, बदलून देऊ?"

नको गं म्हटलं. कप घरी आणलाय. धुऊन पेनं ठेवलीयेत त्यात.

- मृणाल