परदेशी बक्षीस मिळालेला सिनेमा बघताना घ्यायची काळजी

सगळ्यात आधी बक्षीस कुठं मिळालंय ते बघून घ्या. पुण्या-कोल्हापुरात मिळालं असेल तर बिनघोर बघा, पडद्यावर माणसं उपाशी मेली तरी चालतं. पोस्टरवर कान, व्हेनिस, बर्लिन असल्या परदेशी महोत्सवाचं नाव दिसलं की मात्र सावरून बसा. देशाची बदनामी सुरू व्हायला आता फार वेळ नाही.

हा सल्ला मी फुकट देतोय, कारण गेल्या महिन्यात मलाही तो फुकटच मिळाला. आम्ही आठ-दहा रिकामटेकडी माणसं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. प्रोजेक्टर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचा, हॉलचं भाडं आणि भडंग वर्गणीतून. गेल्या महिन्यात सत्यजित रायांचा ‘पथेर पांचाली’ लावला होता, बंगालमधल्या गरीब घरातल्या अपू आणि दुर्गा या भावंडांची गोष्ट. सिनेमा संपला, दिवे लागले आणि तिसऱ्या रांगेतले एक काका उठून उभे राहिले. (काका आपलं म्हणायचं म्हणून. वयानं माझ्याएवढेच असतील.) “बाकी सगळं ठीक आहे ओ, पण हे असलं दाखवल्यावर बाहेरच्या लोकांनी आपल्याला काय समजायचं?” दुर्गाला जाऊन अजून अर्धा तास झाला नव्हता. काका वीस मिनिटं बोलले. चार दिवसांनी हॉलवाल्यांचा फोन आला, पुढच्या महिन्यापासून हॉल मिळणार नाही. का? तर सभासदांच्या भावना दुखावल्यात, तसं पत्र आलंय.

तर भावना कशा दुखावून घ्यायच्या, ते आता नीट शिकून घेऊ.

शक्यतो सिनेमा बघूच नका. बघितला की मत द्यायला अडचण येते.

‘हे लोक गरिबी विकतात’ हे वाक्य पाठ करून ठेवा. कुठंही चालतं, लग्नाच्या पंगतीत, वॉकिंग ट्रॅकवर, दाढी करताना. कुणी उलट विचारलं की कितीला विकली आणि गिऱ्हाईक कोण, तर ऐकू आलं नाही असं दाखवा. कारण पुढचा हिशेब अडचणीचा आहे. ‘पथेर पांचाली’ काढायला सत्यजित रायांकडं पैसे नव्हते. शूटिंग मधेमधे बंद पडायचं, बायकोचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले आणि नावात ‘पथ’ आहे म्हणून ते सरकारी वहीत रस्तेदुरुस्तीच्या खात्यावर टाकले, असं सांगतात. गरिबी विकायला निघालेला व्यापारी असा असतो होय? आणि रस्त्याच्या पैशातून निदान सिनेमा तरी निघाला. आमच्याकडं त्यातून काय काय निघतं ते आम्ही रोज स्कूटरवरून अनुभवतो.

यापुढचा सल्ला घाईघाईनं संतापणाऱ्यांसाठी. निकाल लागेपर्यंत थांबा. २००९ च्या जानेवारीत मुंबईच्या झोपडपट्टीवरचा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ म्हणजे देशाचा अपमान होता. फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाले आणि रहमान आपला, गुलजार आपले, आवाजाचं काम केलेला रेसुल पूकुट्टी तर शेजारच्याच गल्लीतला. ज्यांनी महिनाभर आधी शिव्या घातल्या होत्या त्यांची किती पंचाईत झाली! त्याच वर्षी मे महिन्यात, त्यात छोट्या सलीमचं काम केलेल्या पोराची वांद्र्यातली झोपडी पाडली गेली. वस्तीचं नाव गरीबनगर. त्या नावानं देशाची बदनामी होते अशी तक्रार कुणी केल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आता मुख्य मुद्दा. गरिबी दाखवायची नाही, तर दाखवायचं काय? याचं उत्तर १९८० सालीच मिळालेलं आहे. नर्गिस तेव्हा राज्यसभेवर होत्या. राय परदेशात भारताची गरिबी दाखवतात, आधुनिक भारत दाखवत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आधुनिक भारत म्हणजे काय, असं मुलाखतीत विचारल्यावर त्या म्हणाल्या, धरणं. आता याच नर्गिसबाई १९५७ च्या ‘मदर इंडिया’त चिखलात स्वतः नांगर ओढत होत्या आणि तो सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचांत पोचला होता. त्यात कालव्याचं उद्घाटन आहे, नाही असं नाही. पण ते थोडा वेळ, आणि उरलेला सगळा वेळ सावकार, पूर, उपाशी पोरं. पण तो आपला. रंगीत आहे, गाणी आहेत. गरिबीत गाणी असली की ती गरिबी राहत नाही, संस्कृती होते.

असो. धरणं तर धरणं. आम्हा सातारा-सांगलीकरांना धरणाचं कुणी सांगायला नको, कोयना आमचीच. तेव्हा परदेशी पाहुण्यांना कोयना दाखवायची. शिवसागराचं पसरलेलं पाणी दाखवायचं, वीज दाखवायची, तिच्यावर सगळा महाराष्ट्र उजळतो ते दाखवायचं. फक्त कॅमेरा जरा जपून फिरवायचा. कारण त्या पाण्याखाली गावं आहेत आणि गावातली माणसं वर आहेत. साठ वर्षांपूर्वी उठवली, कुणाला सोलापूरकडं पाठवलं, कुणाला रायगडकडं, कुणाला इकडं सांगलीत. पहिली पिढी वाट बघून गेली. दुसरी पिढी अर्ज लिहून म्हातारी झाली. तिसरी पिढी उन्हात ठिय्या मारून बसते, जमीन मागते, पाणी मागते. पाणी! ज्यांच्या घरावर धरणाचं पाणी उभं आहे ती माणसं पाणी मागतात आणि आपण त्यांच्या शेजारून गाडी वळवून महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो. आता मला सांगा, यातलं बदनामी कोणतं? ठिय्या की ठिय्याचा फोटो? साठ वर्षं हे चाललंय त्याची लाज वाटली नाही, पण कुणी पोरगा कॅमेरा घेऊन तिथं गेला आणि ती फिल्म चुकून परदेशात दाखवली गेली, की तुमची रात्रीची झोप उडणार. धरणावर सिनेमा काढा म्हणणाऱ्यांना धरणग्रस्त चौकटीत नको असतात. तेवढं चौकटीबाहेर बसा म्हणावं त्यांना, नाहीतरी तिथंच बसलेत.

जरा आवाज चढला. पाणी पितो.

वाईचं एक बरं आहे. तिथल्या घाटांवर गरिबी भाड्यानं देता येते. ‘गंगाजल’चं बिहार तिथं झालं, ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं गाव मेणवलीत उभं राहिलं. बिनविजेचं, जातीपातीत अडकलेलं गाव. आपण डबे घेऊन शूटिंग बघायला गेलो, शाहरुखबरोबर फोटो मिळतो का बघितलं. गरिबी दुसऱ्या राज्याची म्हणून सांगितली की घाट आपला असला तरी चालतं.

आणि काहीच जमलं नाही तर कापड लावा. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प येणार म्हणून अहमदाबादेत झोपडपट्टीपुढं भिंत बांधली होती, २०२३ ला जी-२० च्या वेळी दिल्लीत झोपड्यांपुढं हिरवं कापड. भिंतीपेक्षा कापड स्वस्त, धुऊन परत वापरता येतं.

आता एक कबूल करतो, नाहीतर म्हणाल की हा एकतर्फीच बोलतो. तक्रार सगळी खोटी नाही. बाहेरून माणूस येतो, चार महिने राहतो, झोपडपट्टी त्याला रंगीबेरंगी दिसते, आणि ‘स्लमडॉग’ असं सिनेमाच्या नावातच पोरांना कुत्रं म्हणतो. त्याविरुद्ध धारावीतली माणसं चिडली होती, ती बरोबरच चिडली होती. कुणाची गोष्ट कोण सांगतंय, पैसा कुणाच्या खिशात जातोय, हे विचारायलाच पाहिजे. काकांनी हे विचारलं असतं तर मी त्यांना बाहेर नेऊन चहा पाजला असता. पण काकांचं दुखणं ते नव्हतंच. काकांचं दुखणं असं की मुलगा न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं खरंच असं असतं का. मुलगा काय म्हणाला ते काकांनी सांगितलं नाही.

आणि काय ओ, २०१९ चा ऑगस्ट विसरलात? महापुरात आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुम्ही, मी, सगळ्यांनी गच्चीवरून व्हिडिओ काढले. बुडालेली घरं, फुगलेली जनावरं, बोटीतली म्हातारी माणसं, सगळं जगभर पाठवलं. बघा आमचे हाल, मदत करा. न्यू जर्सीवाल्या मुलालासुद्धा पाठवलं. तेव्हा सांगलीची बदनामी झाली नव्हती, कारण तेव्हा हाल आपले होते. आपल्या हालाचा व्हिडिओ म्हणजे बातमी आणि दुसऱ्याच्या हालाचा सिनेमा म्हणजे धंदा, असं कसं चालेल?

खरं सांगायचं तर मला हॉल गेल्याचा एवढा राग नाही. त्या दिवशी सिनेमा सुरू व्हायच्या आधी हॉल झाडणाऱ्या मावशींची नात मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर येऊन बसली होती. सात-आठ वर्षांची असेल. कुणीतरी तिला म्हणालं, “ए बाळा, ऊठ. सभासदांची खुर्ची आहे ती.” ती उठली आणि दारात उंबऱ्यावर जाऊन बसली. म्हणणारे तेच काका होते की दुसरे, मला आठवत नाही. शेवटपर्यंत त्या रांगेत आठ-नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. अपू आणि दुर्गा काश नावाच्या उंच गवतातून आगगाडी बघायला पळतात तेव्हा पोरगी दारात उभी राहिली, नीट दिसावं म्हणून.

मीही बघितलं हे. मी भडंगाच्या पुड्या मोजत होतो.

आणि सिनेमा संपल्यावर तुम्ही विचारता, अशी गरिबी आता कुठं राहिलीय? अहो, आठ फुटांवर बसली होती! तुम्हीच उठवून बसवली होती तिथं! १९५५ साली बंगालमधल्या एका माणसानं काय दाखवलं याचा हिशेब मांडायला तुम्हाला वीस मिनिटं होती, मान वळवून दाराकडं बघायला एक नव्हतं. परदेशातल्या लोकांना काय वाटेल याची काळजी करताय. त्या पोरीला काय वाटलं असेल, विचारलं कुणी? मी नाही विचारलं, तुम्हीही नाही. वरून पत्र लिहून हॉल बंद केला. करा. कुलूप लावा आणि किल्ली भावनांसकट तिजोरीत ठेवा.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला आमच्या गच्चीवर सिनेमा आहे. मावशींना सांगून आलोय, नातीला घेऊन या म्हणून. खुर्च्या नाहीत, सतरंजी अंथरणार आहोत. गुडघे दुखणाऱ्यांनी घरून उशी आणावी.